मंदीत मागणी-पुरवठ्याच्या रेघा कशा सरकवायच्या (पेन्सिल घेऊन बसा)

आधी एक क्लिअर करा, मोंढ्यात सोयाबीन पडलं म्हणजे हा आलेख हलला असं नसतंय, तो एका मालाचा भाव झाला. इथं उभ्या अक्षावर किंमत पातळी आहे, म्हणजे सोयाबीन, सिमेंट, कटिंग चहा सगळ्याची मिळून, अन् आडव्यावर देशाचं एकूण उत्पादन. लई पोरं इथंच घसरतेत.

आता तीन रेघा मारा. समग्र मागणी (देशातल्या सगळ्यांची मिळून मागणी) उतरती, अल्पकालीन पुरवठा (मजुरी बदलायच्या आधीचा) चढता, अन् दीर्घकालीन पुरवठा (मजुरी-भाव जुळल्यावर देश जेवढं काढू शकतो तेवढा) सरळ उभा. तिन्ही एकाच ठिकाणी भेटू द्या.

मग मागणीची रेघ डावीकडं ढकला आणि का ढकलली ते बाजूला लिहा, नुसत्या बाणाला मार्क नसतेत. 1929 नंतर अमेरिकेत शेअर कोसळले, 1933 पर्यंत सुमारे 9000 बँका बुडाल्या, चलनातला पैसाच साधारण एक तृतीयांश आटला, मग खर्च करणार कोण? नवा छेद खाली डावीकडं येतो, भाव बी कमी अन् उत्पादन बी कमी. 1933 ला तिथं चारात एक कामगार बेकार होता.

पुढची स्टेप पुस्तकात एका ओळीत उरकतेत: बेकारी वाढली की मजुरी उतरते, उत्पादन खर्च कमी होतो, अल्पकालीन पुरवठा उजवीकडं सरकतो आणि गाडी परत उभ्या रेघेवर येते, फक्त भाव अजून खाली. ही रेघ काढा, पण तुटक काढा.

तुटक का ते सांगतो. एक तर मजुरी पटकन उतरत नाही. वाळूजच्या कारखान्यात ऑर्डर घटली की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग कंत्राटी पोरांना उद्यापासून येऊ नका म्हणतेत, परमनंटवाल्याचा पगार मात्र तोच राहतो. अन् दुसरं, माझ्या मते खरं दुखणं, म्हणजे कर्ज. समजा आडत्याकडनं 1 लाख उचल घेतली तेव्हा भाव 5000 रुपये क्विंटल होता, म्हणजे 20 क्विंटलात फिटली असती. भाव 4000 झाला की त्याच उचलीला 25 क्विंटल लागतेत, रुपया हललाच नाही पण कर्ज जड झालं (व्याज तर धरलंच नाही राव). आता हेच सगळ्या मालाला अन् मजुरीला लावून बघा. लोक कर्ज फेडायला खर्च अजून कापतेत, म्हणजे पुरवठा उजवीकडं यायलाय तोवर मागणी परत डावीकडं पळायलीय. अर्थतज्ज्ञ अर्विंग फिशरनं 1933 ला हेच मांडलं होतं.

म्हणून शेवटचा बाण मागणीच्या रेघेला, उजवीकडं: सरकारी खर्च, बँकांना आधार, चलन वाढवणं. अमेरिकेनं 1933 ला डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सैल केली (म्हणजे चलन वाढवायला सोन्याच्या साठ्याची आडकाठी कमी झाली), त्यानंतर भाव वर यायला लागले.

आणि एक, उदाहरण म्हणून 1972 चा दुष्काळ लिहू नका, आमच्याकडं सगळेच तो लिहितेत. तिथं पीकच गेलं होतं, म्हणजे पुरवठ्याची रेघ डावीकडं गेली, धान्य महागलं, आजी अजून मिलोच्या (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीचं सांगती. रोजगार हमीनं लोकांच्या हातात पैसा दिला ही गोष्ट मागणीची, ती वेगळी लिहा. पेपर देण्याआधी उभा अक्ष बघा, पहिल्या धक्क्यात भाव वर गेला दिसला तर तुम्ही मंदी नाही, दुष्काळ काढलाय.