इंग्रजीत स्वभाव सांगताना 'ऑलवेज' जपून वापरा

नौपाड्यात घरीच इंग्रजीचा वर्ग घेते. येणारे बहुतेक ठाण्याहून ऐरोली-महापेला नोकरीला जाणारे, आणि कुणीतरी त्यांना क्रियाविशेषणांची लांबलचक यादी पाठ करायला सांगितलेली असते. ती यादी रद्दीत घाला. माणूस कसा वागतो हे सांगायला ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर एवढे पुरतात.

जागा सोपी आहे. मुख्य क्रियापदाच्या आधी: 'ही ऑलवेज कम्स लेट.' नुसतं इज-आर-वॉज असेल तर त्याच्यानंतर: 'ही इज ऑलवेज लेट.'

घोळ होतो तो पुढे. मराठीत आपण 'ती प्रश्न विचारत असते' म्हणतो आणि त्या 'असते'पायी हात सरळ 'इज आस्किंग'कडे जातो. माझाही गेला होता. नोकरीत असताना हाताखालच्या मुलीच्या अप्रेझलमध्ये मी कौतुकाने लिहिलं, 'शी इज ऑलवेज आस्किंग क्वेश्चन्स.' दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन माझ्या टेबलाशी उभी. "मॅडम, मी एवढा त्रास देते का तुम्हाला?" साहेबांनी तिला बोलावून समज दिली होती.

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. 'इज ऑलवेज' आणि पुढे 'इंग' आलं की त्यात बहुतेक वेळा कुरकुर ऐकू येते: सारखं चाललंय, वैताग आलाय. समोरासमोर हसून म्हटलं तर तेच वाक्य लाडाचंही होतं, पण कागदावर हसू दिसत नाही. मला लिहायचं होतं 'शी ऑलवेज आस्क्स गुड क्वेश्चन्स.' म्हणून सवय सांगताना 'विचारत असते'चं आधी मनात 'विचारते' करा, मग इंग्रजीत या. 'इंग लावलं की इंग्रजी भारी वाटतं' म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. तक्रारच करायची असेल तर मात्र खुशाल लावा. 'ही इज ऑलवेज पार्किंग इन माय स्पॉट' हे सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहायला अगदी चपखल.

शेवटी 'ली' लागतं ते सगळं क्रियाविशेषण नसतं. 'फ्रेंडली' विशेषण आहे. आणि शिफारसपत्रात 'ही वर्क्स हार्ड'च्या जागी 'ही हार्डली वर्क्स' लिहिलंत, तर तो जेमतेमच काम करतो असं होईल.

सराव घरच्यांवर करा. रोज पाच वाक्यं, सगळी साध्या वर्तमानात. आमच्याकडे एकच अपवाद: 'माय हजबंड इज ऑलवेज लूजिंग हिज ग्लासेस.'