माईक हातात आला की काय करायचं

सोसायटीच्या गणपतीत दोन शब्द बोला म्हटलं की किंवा ऐरोलीच्या ऑफिसात प्रेझेंटेशन आलं की बरेच जण पूर्ण भाषण लिहून पाठ करायला बसतात, तसं अजिबात करू नका, एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं जातं. पहिली दोन आणि शेवटचं एक वाक्य तेवढं पक्कं करा, मधले मुद्दे एका कागदावर मोठ्या अक्षरात.

आपण मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द बोलतो, म्हणजे पाच मिनिटांत सहाशेच्या आसपास, त्यात तीन मुद्दे बसले तरी खूप झालं.

प्रॅक्टिस उभं राहून, मोठ्याने करा. मनातल्या मनात वाचणं म्हणजे प्रॅक्टिस नाही!! मोबाईलवर रेकॉर्ड करून ठाणे-वाशी लोकलमध्ये इअरफोन लावून ऐका, कुठे घाई होते, कुठे सारखं 'म्हणजे' 'ॲक्च्युअली' येतं ते लगेच कळतं.

आता माईक. हनुवटीच्या किंचित खाली, तोंडापासून चार बोटं लांब धरायचा, आणि मान वळवली की माईकपण वळवायचा, नाहीतर अर्धं वाक्य गायब होतं. जाळी मुठीत पकडू नका, स्पीकरच्या समोर उभं राहू नका, शिट्टी तिथूनच सुरू होते.

स्लाईड असतील तर त्या वाचून दाखवू नका प्लीज, लोकांना वाचता येतं.

आणि हात थरथरत असतील तर कागदाखाली जाड पुठ्ठा ठेवा, थरथर दिसत नाही.