जिम्नीचे सस्पेन्शन बदलताना या चुका टाळा

ताम्हिणी घाटातल्या वळणांवर मारुती सुझुकीची जिम्नी ही छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी बाहेरच्या बाजूला कलते, खड्ड्यातून निघाल्यावर दोन-तीन हेलकावे खाते आणि मग तिचा मालक नव्या स्प्रिंग आणि शॉकअबचे (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरचे) किट मागवतो. मात्र बहुतेक वेळा ते किट गाडीची उंची वाढवणारे असते, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो आणि तेवढ्याच वेगात त्याच वळणावर गाडी अधिक झुकू पाहते. खडकाळ वाटेवर ही उंची कामाची असते, घाटातल्या डांबरी रस्त्यावर मात्र ती अडचणच ठरते.

जिम्नीला पुढे आणि मागे अखंड अॅक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणारे एकसंध दांडे आहेत आणि ते बाजूला सरकू नयेत म्हणून प्रत्येकाला एक आडवा पॅनहार्ड रॉड दिलेला आहे. गाडी 50 मिलिमीटर वर उचलली तरी रॉडची लांबी तीच राहते, त्यामुळे अॅक्सल चेसिसच्या मध्यरेषेपासून एका बाजूला ओढला जातो. शिवाय पुढच्या अॅक्सलचा कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कल) कमी होतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होईनासे होते. म्हणून उंची वाढवायचीच असेल, तर लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड आणि कॅस्टर दुरुस्त करणारे बुश (सांध्यात बसणारे रबरी तुकडे) त्याच वेळी बसवावेत आणि ब्रेकचे होज (लवचिक नळ्या) ताणले जात नाहीत ना, तेही पाहावे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, हेही खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

दुसरी चूक म्हणजे जुन्याच शॉकअबवर कडक स्प्रिंग चढवणे. स्प्रिंग 30 टक्के कडक झाली, तर तिची उसळी पूर्वीइतकीच आवरण्यासाठी शॉकअबचा अवरोध साधारण 14 टक्के वाढावा लागतो. तो वाढला नाही तर गाडी कडकही लागते आणि उसळतेही. अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या दांड्याच्या) बाबतीत तर अंदाज हमखास चुकतो, कारण भरीव बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 20 मिलिमीटरच्या जागी 22 मिलिमीटरचा बार दिसायला किंचितच जाड असतो, पण सुमारे 46 टक्के अधिक ताठ असतो. असा बार फक्त मागे बसवला, तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी पकड सोडू शकतात.

ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते म्हणून जाड स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा छोटा शॉकअब) बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने थरथर दबते, पण तिचे कारण तसेच राहते. चाकांचे बॅलन्सिंग, पॅनहार्ड रॉडचे बुश, किंगपिनचे (पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते तिचे) बेअरिंग आणि टाय रॉडची (चाकांना वळवणाऱ्या दांड्याची) टोके या क्रमाने तपासणी करावी. शॉकअबच्या नळीवर धुळीचा ओलसर, काळा थर चिकटला असेल, तर सील गेले आहे असे समजावे.

बसवणीतली एक चूक कोणाच्या नजरेस येत नाही. गाडी उचललेली आणि चाके लोंबकळत असतानाच मिस्त्री सर्व बोल्ट पूर्ण आवळून टाकतो. रबरी बुशची आतली नळी त्याच स्थितीत पक्की धरली जाते, मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि वेळेआधीच फाटते. माझ्या गाडीचे चारही मागचे बुश याच कारणाने बदलावे लागले. बोल्ट आधी नुसते हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवून थोडी पुढे-मागे ढकलावी आणि मगच टॉर्क रेंचने आवळावेत.

काम झाल्यावर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी टेपने मोजून लिहून ठेवावे, अलाइनमेंट करून घ्यावे आणि हेडलाइटचा झोत खाली आणावा. साधारण 1000 किलोमीटरनंतर नव्या स्प्रिंग थोड्या दबून स्थिर होतात. तेव्हा हीच मापे पुन्हा घ्यावीत आणि बोल्ट पुन्हा तपासावेत.