वसिष्ठ-अरुंधती: आधी डोळ्यांनी, मग दुर्बिणीतून

सप्तर्षींमधली वसिष्ठ-अरुंधती ही ताऱ्यांची जोडी साताऱ्याहून पाहायची तर मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचे दिवस धरा, जूनमध्ये ढग येतात. मार्चमध्ये रात्री नऊला वसिष्ठ ईशान्येला क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर असतो. मेच्या मध्यावर साडेदहाच्या सुमारास तो उत्तरेला ५३ अंशांवर पोचतो. साताऱ्याहून तो यापेक्षा वर येतच नाही, म्हणून मे सर्वांत चांगला. डिसेंबरच्या लग्नात संध्याकाळी नवरा-नवरीला दाखवतात ती अरुंधती नव्हेच. तेव्हा ती क्षितिजाखाली असते आणि मध्यरात्र उलटल्यावर उगवते.

जागा अशी हवी की उत्तर अंधारी असेल. अजिंक्यतारा त्यासाठी वाईट, कारण शहराचे दिवे किल्ल्याच्या उत्तरेलाच आहेत. यवतेश्वरच्या पुढे कासच्या रस्त्याला शहर पूर्वेकडे राहतं. रस्त्याकडेलाच थांबा, पठारावर पाय ठेवू नका. सांगलीकरांना मिरजेच्या पूर्वेचा दंडोबाचा डोंगर सोयीचा. शुद्ध अष्टमीपासून वद्य पंचमीपर्यंतच्या रात्री टाळा.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं द्या. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद गुंडाळा आणि मोबाईल खिशात ठेवा.

सप्तर्षींच्या पतंगाला तीन ताऱ्यांची शेपटी आहे. टोकाचा मरीची, मधला वसिष्ठ, चौकोनाजवळचा अंगिरा. वसिष्ठाची प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा ठळक) २.२, तर अरुंधतीची ४.०, दोघांतलं अंतर १२ कलांचं (६० कला म्हणजे एक अंश), म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी. मेमध्ये उत्तरेला तोंड केलं की अरुंधती वसिष्ठाच्या उजवीकडे, किंचित खाली दिसते. मार्चमध्ये ती त्याच्या खाली असते.

लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच पाहा. सिलिंडर नंबर असलेल्या डोळ्याला एकच तारा दोन दिसू शकतो. शंका आली तर मान तिरपी करा. दुसरा ठिपका मानेबरोबर फिरला तर दोष डोळ्याचा, जागेवर राहिला तर ती अरुंधती.

आता दुर्बीण. ६० मिलिमीटरची पुरते. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (फोकल लेंथच्या) दुर्बिणीला २० मिलिमीटरची नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग, आयपीस) लावली की ३५ पट वर्धन मिळतं आणि वसिष्ठ स्वतःच दुभंगतो. त्याचे दोन घटक १४ विकलांवर (६० विकला म्हणजे एक कला) आहेत, म्हणजे अरुंधतीच्या अंतराच्या पन्नासाव्या हिश्श्यावर. नवखे इथेच हमखास चुकतात: वसिष्ठ-अरुंधतीबरोबर त्रिकोण करणारा आठव्या प्रतीच्या आसपासचा एक अंधूक तारा दिसतो, त्यालाच ते वसिष्ठाचा जोडीदार समजतात. तो खूप मागे असलेला परका तारा आहे. खरा जोडीदार वसिष्ठाला जवळजवळ चिकटलेला आणि चांगला ठळक, ३.९ प्रतीचा असतो.

साध्या ७×५० द्विनेत्रीत (बायनॉक्युलरमध्ये) तो सुटा होत नाही. दुर्बिणीतही प्रतिमा उकळल्यासारखी हलत असेल तर तिपाई डांबरावरून मातीवर न्या. मेमध्ये डांबर रात्रीही उष्णता सोडत राहतं. दुर्बीण अर्धा तास आधी उघड्यावर ठेवा, नळीतली गरम हवा निघून गेल्याशिवाय तारे टोकदार होत नाहीत.

वसिष्ठाचे हे दोन घटक गॅलिलिओचा शिष्य कास्टेली याने १६१७ साली दुर्बिणीतून पाहिले होते. त्यातला ठळक घटकही एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांचा आहे, हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगने १८८९ मध्ये वर्णपटावरून (ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यावरून) जाहीर केलं. त्यांची एक फेरी २०.५ दिवसांची. अंधूक घटकही तसाच जुळा. अरुंधतीचाही एक छोटा सोबती २००९ मध्ये सापडला. सुमारे ८० प्रकाशवर्षांवरचे असे सहा तारे तिथे आहेत. डोळ्यांना दोन आणि छोट्या दुर्बिणीला तीनच दिसतात.