गर्भनिरोधक पॅच कसा वापरायचा आणि त्यावर पाळी कशी येते

पॅच सुरू केला की पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात जास्त टेन्शन देते ती पाळी. तारीख सरकते, मधेच डाग दिसतात, कधी इतकं कमी जातं की ही पाळी धरायची की नाही तेच कळत नाही. मी पहिल्यांदा वापरला तेव्हा रविवारी तिसरा, म्हणजे त्या महिन्यातला शेवटचा पॅच काढला आणि बुधवार उजाडला तरी काहीच नाही, दिवसातून चार वेळा बाथरूममध्ये जाऊन बघत होते, आणि तेव्हा कोणी फक्त एवढं सांगितलं असतं की "अगं दोन-तीन दिवस लागतात" तर रात्रीची झोप तरी लागली असती. म्हणून इथे पॅच लावायचा कसा ते सांगतेच, पण पाळीचं जरा जास्त सांगते.

पॅच म्हणजे पातळ चौकोनी चिकटपट्टी. त्यातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स कातडीतून थेट रक्तात जातात, अंडाशयातून अंडं सुटणं थांबतं, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो आणि आतलं अस्तर पातळ राहतं. अमेरिकेत २००१ मध्ये पहिल्या पॅचला, एव्हराला, मान्यता मिळाली. काम गोळीसारखंच, फक्त रोज आठवण ठेवायची नाही, आठवड्यातून एकदा. आणि पोटातून जात नसल्यामुळे उलट्या-जुलाब झाले तरी असर कमी होत नाही.

आधी डॉक्टर, मग पॅच. हे प्लीज टाळू नका. वय ३५ च्या पुढे आणि सिगरेट ओढत असाल, बीपी जास्त असेल, पायात किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गाठ झाली असेल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमचम किंवा वाकड्या रेषा येत असतील, स्तनाचा कॅन्सर किंवा लिव्हरचा मोठा आजार असेल, नुकतीच डिलिव्हरी झाली असेल, तर हा पॅच तुमच्यासाठी नाही, दुसरे चांगले पर्याय आहेत. वजन ९० किलोच्या वर असेल तर पॅच कमी काम करू शकतो, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा जास्त असेल तर गाठीच्या धोक्यामुळे नकोच म्हणतात. टीबीची रिफॅम्पिसिन, फिट्सच्या काही गोळ्या यांनीही असर कमी होतो, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा.

आता सुरुवात. पाळीच्या पहिल्या दिवशी, २४ तासांच्या आत लावला तर त्याच दिवसापासून संरक्षण मिळतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी लावला तरी चालतो, पण आधी दिवस राहिलेले नाहीत याची खात्री हवी आणि पुढचे ७ दिवस कंडोम वापरायचाच. ज्या वारी लावला तो तुमचा पॅचचा वार, फोनमध्ये त्या वाराचा रिमाइंडर लगेच लावून टाका.

जागा चार आहेत: पोट, नितंब, दंडाची बाहेरची बाजू, पाठीचा वरचा भाग. स्तनांवर कधीच नाही. कातडी धुऊन पूर्ण कोरडी करा, तिथे तेल, लोशन, पावडर काही नको, आणि खाजत असलेल्या किंवा कापलेल्या जागी लावू नका. अर्धा कागद सोला, चिकट भागाला बोट न लावता ती बाजू टेकवा, मग उरलेला कागद काढून तळहाताने १० सेकंद घट्ट दाबून धरा, आणि शेवटी कडेकडेने बोट फिरवा कारण सुटायला सुरुवात नेहमी कोपऱ्यापासून होते. रोज अंघोळीनंतर असंच बोट फिरवून बघायची सवय लावा. दोन-तीन दिवसांनी कडेला कपड्याची लव चिकटून काळी रेघ दिसते, ती मळकट वाटते पण काही बिघडलेलं नसतं. पॅच काढल्यावर राहिलेला चिकटपणा बेबी ऑइलने निघतो. पुढचा पॅच जरा बाजूला लावा म्हणजे कातडी लाल होणार नाही.

दर ७ दिवसांनी त्याच वारी नवा पॅच, असे ३ आठवडे ३ पॅच, आणि चौथा आठवडा मोकळा, म्हणजे पॅचशिवाय.

या मोकळ्या आठवड्यात जे येतं ते खरं तर नेहमीच्या अर्थाने पाळी नाहीच. अंडं सुटलेलंच नसतं, हार्मोन्स अचानक बंद झाले म्हणून अस्तर सुटून येतं. त्यामुळे ते पॅच काढल्यावर साधारण दोन-तीन दिवसांनी सुरू होतं, बऱ्याच जणींना पूर्वीपेक्षा कमी जातं, पोटातही कमी दुखतं. नवा पॅच लावायचा दिवस आला आणि रक्त अजून जातंय, तरी पॅच लावायचाच, थांबेपर्यंत वाट बघायची नाही! बहुतेक चुका इथेच होतात, मोकळा आठवडा ७ दिवसांच्या पुढे गेला की अंडाशय जागं होतं आणि दिवस राहू शकतात.

पहिल्या तीन महिन्यांत पॅच अंगावर असतानाच मधे स्पॉटिंग, म्हणजे थोडे डाग दिसणं, अगदी कॉमन आहे, त्यासाठी पॅच काढू नका. तीन महिन्यांनंतरही चालू राहिलं किंवा खूप जास्त जायला लागलं तर दाखवा. एखाद्या महिन्यात काहीच आलं नाही आणि पॅच सगळे वेळेवर होते, तर पुढचा पॅच ठरल्या दिवशी लावा. लागोपाठ दोनदा आलं नाही, किंवा मधे चूक झाली होती, तर प्रेग्नन्सी टेस्ट करा.

पॅच सुटला आणि २४ तासांच्या आत लक्षात आलं तर तोच परत दाबा, चिकटत नसेल तर नवा लावा, वरून दुसरी पट्टी मारून धरून ठेवू नका. २४ तासांहून जास्त झाले किंवा कधी पडला ते माहीतच नाही, तर नवा पॅच लावून तिथून पहिला आठवडा मोजा आणि ७ दिवस कंडोम. बदलायलाच विसरलात तर हिशोब थोडा वेगळा, कारण पॅचमध्ये एक-दोन दिवस जास्तीचं हार्मोन असतं: दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ४८ तासांपर्यंतचा उशीर चालतो, त्यापुढे पुन्हा पहिल्यापासून. पण मोकळ्या आठवड्यानंतरचा पहिला पॅच उशिरा लावला तर ७ दिवस कंडोम हवाच, आणि त्याआधी विनाकंडोम संबंध आला असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा. अगदी नियमाने वापरला तर वर्षात १०० जणींमध्ये एकीलाही क्वचितच दिवस राहतात, पण प्रत्यक्षात साधारण ७ जणींना राहतात ते या विसरण्यामुळेच.

एका पायाला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, श्वास लागणं, अचानक असह्य डोकेदुखी, नजर अंधुक होणं, यातलं काहीही झालं तर पॅच काढा आणि तडक हॉस्पिटल गाठा. पॅचमधून रक्तात जाणारं इस्ट्रोजेन नेहमीच्या गोळीपेक्षा एकूण जास्त असतं, म्हणून "बघू उद्या" करू नका. गुप्तरोगांपासून पॅच वाचवत नाही, त्यासाठी कंडोमच.

वापरलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडा आणि कचऱ्यात टाका, फ्लश करू नका, त्यात हार्मोन उरलेलं असतं. पॅच कायमचा बंद केला की तुमची स्वतःची पाळी मार्गी लागायला कुणाला काही आठवडे लागतात तर कुणाला दोन-तीन महिने, पण ती पहिली पाळी यायच्या आधीसुद्धा दिवस राहू शकतात, त्यामुळे मूल इतक्यात नको असेल तर पॅच सोडला त्याच दिवसापासून दुसरं साधन सुरू करा.