प्रवासासाठी सुटसुटीत कॅमेरा कसा निवडावा

कॅमेरा घ्यायचे मनात आले की बहुतेक जण थेट दुकान गाठतात किंवा यूट्यूबवरची परीक्षणे पाहत बसतात. त्याआधी घरबसल्या करण्यासारखे एक काम आहे. मागच्या काही सहलींचे मोबाइलमधले फोटो उघडावेत आणि त्यांतले चांगले नव्हे, तर फसलेले फोटो वेगळे काढावेत. काही अंधारात हललेले असतील, काहींत लांबचा पक्षी ठिपक्याएवढा आलेला असेल, काहींत देवळाचा कळस चौकटीबाहेर राहिलेला असेल. आणि काही फोटो मुळात नसतीलच, कारण पावसात फोन खिशातून बाहेर काढण्याची हिंमतच झालेली नसेल. यांपैकी ज्या प्रकाराचा ढीग सर्वांत मोठा, त्यावर उपाय करणारा कॅमेरा आपण शोधायचा आहे. चारही प्रकारांवर तोडगा ठरेल असा लहान कॅमेरा अस्तित्वात नाही आणि तो असल्याचे सांगणाऱ्या विक्रेत्याचे फारसे मनावर घेऊ नये. फसलेल्या फोटोंचा ढीगच लहान असेल, तर कॅमेऱ्याचे पैसे आणखी एका प्रवासावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.

अंधाराचा प्रश्न सर्वांत जास्त लोकांना पडतो, म्हणून तो आधी घेऊ. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीचे चित्र पाहायला शिरल्यावर बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. चित्रांचे रंग टिकावेत म्हणून आतला प्रकाश मंद ठेवलेला असतो, फ्लॅशला मनाई असते आणि परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही. अशा ठिकाणी कॅमेऱ्याच्या दोनच गोष्टी कामी येतात: सेन्सरचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीचे क्षेत्रफळ आणि लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे भोक. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत आणि खूप लांब झूमच्या बहुतेक मॉडेलांत सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात इंचभर नसतो. त्याचे माप १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटर भरते. एपीएस-सी प्रकारचा सेन्सर २३.५ × १५.६ मिमीच्या आसपास, म्हणजे साडेतीनशे चौरस मिलिमीटरच्या पुढे जातो. पहिल्यापेक्षा दुसरा चौपट आणि दुसऱ्यापेक्षा तिसरा तिप्पट मोठा, एवढे लक्षात ठेवले तरी जाहिरातीतला निम्मा मजकूर वाचायची गरज उरत नाही.

ॲपर्चरचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. कॅननचा जी७एक्स मार्क ३ आणि सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ हे दोन्ही २०१९ साली आलेले खिशात मावणारे कॅमेरे आहेत. दोघांचा सेन्सर एक इंची आहे आणि दोघांचे वजन तीनशे ग्रॅमच्या घरात आहे. झूम न करता कॅननची लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते, सोनीची एफ/२.८ पर्यंत. म्हणजे त्याच लेण्यात, त्याच वेळी, कॅननला जवळजवळ अडीचपट प्रकाश मिळतो. उलट कॅननचा झूम २४ मिमीपासून १०० मिमीपर्यंत जाऊन थांबतो, तर सोनीचा २०० मिमीपर्यंत पोहोचतो. (मिमीचे हे आणि पुढचे लेन्सचे आकडे जुन्या ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापातले आहेत: आकडा लहान तितकी चौकट रुंद, मोठा तितके लांबचे जवळ.) फसलेल्या फोटोंचा ढीग आधी करून ठेवलेला असला की ही निवड दोन मिनिटांत होते. तो नसला की माणूस आठवडाभर तुलनातक्ते वाचत राहतो आणि शेवटी ज्यात आकडे मोठे दिसतात, तो कॅमेरा उचलतो.

इथे स्थिरीकरणाविषयी होणारा एक गैरसमज दूर करायला हवा. लेन्स किंवा सेन्सर हलवून हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा भित्तिचित्रासाठी वरदान आहे, कारण चित्र जागचे हलत नाही आणि शटर सेकंदाच्या आठव्या हिश्श्याइतका वेळ उघडे राहिले तरी चालते. संध्याकाळच्या वेळी चालणारी दिंडी किंवा बोटीत उड्या मारणारे मूल मात्र त्या यंत्रणेला थांबवता येत नाही. त्यासाठी शटर भरभर उघडले-मिटले पाहिजे आणि त्याला पुन्हा प्रकाशच लागतो. माणसांचे फोटो जास्त काढणाऱ्यांनी म्हणूनच स्थिरीकरणाच्या दाव्यांपेक्षा ॲपर्चर आणि सेन्सर यांना अधिक वजन द्यावे.

झूमच नसलेला कॅमेरा घेणे हा ऐकायला विचित्र, पण सुटसुटीतपणाच्या दृष्टीने सर्वांत सरळ मार्ग आहे. रिकोचा जीआर ३ हा २०१९ सालचा कॅमेरा बॅटरी आणि कार्डासह २५७ ग्रॅम भरतो, त्यात एपीएस-सी सेन्सर आहे आणि २८ मिमीची एफ/२.८ ची एकच लेन्स आहे. कार्ड घरी विसरले तरी थोडे फोटो मावावेत म्हणून त्यात दोन जीबीची अंगची साठवणही आहे. पण त्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी नाही, फ्लॅश नाही, तो पाऊस-धुळीपासून बंदिस्त नाही आणि एका बॅटरीवर अधिकृत चाचणीनुसार सुमारे दोनशेच फोटो निघतात. फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय हा २०२४ सालचा कॅमेरा ३५ मिमीची एफ/२ लेन्स, सेन्सरचे स्थिरीकरण आणि उत्तम व्ह्यूफाइंडर देतो. मात्र तो ५२१ ग्रॅमचा आहे, खिशात राहत नाही आणि किमतीनेही घाम फोडतो. एकाच लेन्सशी जुळवून घेणे आपल्याला जमेल का, हे फुकटात तपासता येते: पुढच्या सहलीत मोबाइलवर एकदाही झूम न करता फोटो काढावेत. दोन दिवसांत चिडचिड झाली, तर झूमचा कॅमेरा घ्यावा.

रुंदीचा प्रश्न वेरूळला नीट कळतो. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे डोंगर वरून खाली कोरत काढलेले असल्यामुळे त्याच्या प्रांगणात मागे सरकायला जागाच उरत नाही; पाठ कातळाला टेकते आणि शिखर तरीही चौकटीत येत नाही. २४ मिमीची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ७४ अंश पाहते, २८ मिमीची सुमारे ६५ अंश. कागदावर किरकोळ वाटणारा हा फरक त्या प्रांगणात एका अख्ख्या हत्तीएवढा पडतो. देवळे, वाडे आणि अरुंद गल्ल्या यांचे फोटो काढणाऱ्यांनी झूमची सुरुवात २४ मिमीपासून होते ना, हे पाहावे. (अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हेही कॅमेरा निवडण्याइतकेच महत्त्वाचे.)

लांबच्या गोष्टींविषयी थोडक्यात सांगता येते, कारण इथे लहान कॅमेरा आपली मर्यादा लवकर दाखवतो. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित पक्षी नावेतून टिपायचे, तर २०० मिमी अपुरे पडते. पॅनासॉनिकचा टीझेड२०० एक इंची सेन्सरवर ३६० मिमीपर्यंत जातो, पण त्या टोकाला त्याचे ॲपर्चर एफ/६.४ इतके मिटते, म्हणजे सकाळच्या कोवळ्या उजेडात त्याची दमछाक होते. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ हा ६०० मिमीपर्यंत जातो, पण तो किलोपेक्षा जास्त भरतो आणि मग सुटसुटीतपणाचा विषयच संपतो. वर्षातून एकदाच पक्षी पाहायला जाणार असाल, तर चांगली दुर्बीण घ्यावी आणि फोटोचा मोह सोडावा. खोक्यावर ‘डिजिटल झूम’चा जो आकडा असतो, त्याकडे लक्षच देऊ नये, तो फोटो कापून मोठा करण्याचा प्रकार आहे आणि ते काम घरी संगणकावरही होते.

पावसाचे मात्र वेगळे आहे. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनी ओएम सिस्टमच्या टीजी-७ सारख्या कॅमेऱ्याचा जरूर विचार करावा. तो पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो, घाटातल्या धारांची त्याला फिकीर नसते आणि चिखल लागला तर नळाखाली धुता येतो. कासच्या पठारावर सीतेची आसवे नावाची इवलीशी जांभळी फुले ओल्या कातळावर बोटाच्या पेरापेक्षाही लहान दिसतात. या कॅमेऱ्याची ‘मायक्रोस्कोप’ सोय लेन्सपासून अवघ्या एका सेंटिमीटरवर फोकस करते, त्यामुळे वाटेवरूनच हात पुढे करून त्या पाकळीवरचा पाण्याचा थेंबही स्पष्ट टिपता येतो. याचा सेन्सर मात्र तोच २८ चौरस मिलिमीटरचा आहे, त्यामुळे अजिंठ्याच्या अंधारात तो चांगल्या मोबाइलपुढे टिकत नाही. ज्याचा ढीग पावसाचा, त्याने हा घ्यावा. बाकीच्यांनी साध्या कॅमेऱ्यासाठी झाकता येईल अशी पिशवी आणि एक कोरडा पंचा जवळ बाळगला तरी भागते.

मेगापिक्सेलच्या चर्चेत वेळ घालवू नये. बारा बाय अठरा इंचांचे अल्बमचे पान उत्तम प्रतीने छापायला सुमारे १९ मेगापिक्सेल लागतात आणि वर उल्लेखलेल्या एक इंची कॅमेऱ्यांत २० मेगापिक्सेल असतातच. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी कॅननच्या आर५० सारखी हलकी मॉडेले चांगली आहेत, पण एकच लेन्स लावून ठेवण्याचा संयम असेल तरच ती प्रवासात सोपी राहतात. दुसरी लेन्स घेतली की पिशवी वाढते आणि कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यावर लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते.

मॉडेल दोन-तीनांवर आले की दुकानात जावे. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी अनेक दुकाने शेजारी शेजारी असल्याने तुलना सोपी जाते. स्वतःचे मेमरी कार्ड सोबत न्यावे आणि दुकानदाराच्या परवानगीने फोटो काढून ते घरी मोठ्या पडद्यावर पाहावेत. कॅमेरा खिशातून काढून, सुरू करून पहिला फोटो घेईपर्यंत किती वेळ जातो, ते तीन-चार वेळा करून बघावे. फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय मेनूत न शिरता, नुसत्या अंगठ्याने सापडते का, हे पाहावे. प्रवासात सर्वांत जास्त हीच सोय लागते आणि ती तीन पायऱ्या आत दडलेली असेल, तर कॅमेरा कितीही लहान असला तरी सुटसुटीत म्हणता येत नाही. दुकानाबाहेरच्या उन्हात मागचा पडदा दिसतो का, हेही तपासावे, कारण रायगडावर भर दुपारी व्ह्यूफाइंडर नसलेल्या कॅमेऱ्याने अनेकदा अंदाजानेच फोटो काढावे लागतात. चष्मा असणाऱ्यांनी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून चारही कोपरे दिसतात याची खात्री करून घ्यावी. घरात आई-वडीलही कॅमेरा वापरणार असतील, तर त्यांना सोबत न्यावे आणि काहीही न सांगता तो त्यांच्या हाती द्यावा. ते कुठे अडखळतात, त्यावरून पुष्कळ कळते.

बिल जीएसटीचे पक्के घ्यावे आणि हमी भारतातली आहे, हे कार्डावर वाचून घ्यावे. बाहेरून आणलेला माल स्वस्त मिळतो, पण बिघडल्यावर कंपनीचे सेवाकेंद्र तो हमीत धरत नाही. वापरलेला कॅमेरा घेताना लेन्समध्ये तिरकी विजेरी मारून बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते पाहावे, झूम पुढे-मागे करताना घरघर ऐकू येते का ते ऐकावे आणि ॲपर्चर शक्य तितके मिटवून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढावा. त्यात काळसर डाग दिसले, तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्स न निघणाऱ्या कॅमेऱ्यात ती घरी साफ करता येत नाही, म्हणून तो सौदा सोडून द्यावा.

निघण्याच्या आठवडाभर आधी कॅमेरा एकदाच नीट लावून ठेवावा. तारीख आणि वेळ बरोबर करावी, फ्लॅश आणि आवाज बंद करावेत, फोकससाठी लागणारा पुढचा छोटा दिवाही बंद करावा, कारण लेण्यांत आणि संग्रहालयांत तोच इतरांना खुपतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, स्वयंचलित ठेवून त्याची कमाल मर्यादा एक इंची सेन्सरसाठी ३२०० आणि एपीएस-सीसाठी ६४०० अशी ठरवावी. माणसांच्या फोटोंसाठी शटरचा किमान वेग १/१२५ सेकंद ठेवता आला तर उत्तम. एक जादा बॅटरी आणि दोन कार्डे असावीत. विमानाने जाताना जादा बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, त्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात. कोकण-गोव्यात वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा काही वेळ बंद पिशवीतच राहू द्यावा, नाहीतर भिंगावर वाफ धरते. परत आल्यावर, विशेषतः पावसाळ्यात, तो कापडी कव्हरात कपाटात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, रंग बदलणाऱ्या पुड्या ओलसर झाल्या की त्या बदलाव्यात आणि महिन्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून झूम चालवून पाहावा.