करंट गेल्यावर: मेणबत्तीच्या उजेडात घरच्या घरी फोटो कसे काढावेत

खानापूर तालुक्यात पाऊस लागला की करंट जाणार हे धरूनच चालायचं. आमच्या कौलारू घरात जूनपासूनच मेणबत्ती आणि काडेपेटी सोप्यातल्या देवळीत ठरलेल्या जागी असते. त्याच देवळीपुढे बसून मी या उजेडातले फोटो काढायला शिकले. पहिला फोटो आजीचा. तिच्या हातात मेणबत्ती दिली, समोर बसवलं, बटण दाबलं. ज्योतीच्या जागी पांढरा डाग आणि मागे सगळा काळोख. आजीनं मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, "ह्यात मी कुठं हाय गं?"

ज्योत आणि तिनं उजळलेला चेहरा, यांच्या तेजात इतका फरक असतो की कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाहीत. आपल्या डोळ्यांना पेलतात, म्हणून आपण फसतो. तेव्हा आधी ठरवा: ज्योत टिपायची की तिच्या उजेडात बसलेलं माणूस? माझं मत विचाराल तर माणूसच. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कधी गेलात तर त्याच्यापुढे पाच मिनिटं उभे राहा. तिनं ज्योत तळव्याआड धरली आहे, बोटांच्या फटींतून लालसर उजेड झिरपतो आणि चेहरा उजळतो. तुळशीपुढे दिवा नेताना वाऱ्यापासून जपायला आपल्या घरातल्या बायका हात असाच धरतात. फोटोसाठी वेगळी पोझ शोधायची गरजच नाही.

आधी खोली तयार करा

पंखा बंद, खिडकी ओढून घेतलेली. ज्योत हलली की सावल्याही हलतात आणि फोटो पुसट येतो. इन्व्हर्टरवरचा एलईडी दिवा, टीव्हीखालचा लाल ठिपका, शेजारच्याचा मोबाईल, सगळं बंद करा. पांढऱ्या उजेडाची एक तिरीप आली तरी मेणबत्तीचा सोनेरी रंग मळकट दिसतो. वात लांब झाली असेल तर कात्रीनं अर्ध्या सेंटिमीटरवर आणा. लांब वात काजळी धरते आणि ज्योत नाचते. पडदे, पदर, मोकळे केस यांच्यापासून मेणबत्ती लांब असू दे. वाटीत मेणाचे चार थेंब पाडून ती घट्ट बसवा.

दिवा कुठं ठेवायचा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण निम्मा फोटो इथंच ठरतो. मेणबत्ती चेहऱ्यापासून एका फुटावर आहे आणि ती दोन फुटांवर नेली, तर उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणून ती जवळ हवी. समोर न ठेवता एका बाजूला, किंचित पुढे, साधारण हनुवटीच्या उंचीवर ठेवा. जमिनीवर ठेवली तर नाकाच्या, भुवयांच्या सावल्या वर चढतात आणि आजी भुतासारखी दिसते. एखादा पाट किंवा उलटा डबा खाली सरकवला की काम होतं.

उजेड कमी वाटला तर दुसरी मेणबत्ती तांब्याआड लपवा. फोटोत एकच ज्योत दिसते, चेहऱ्यावर मात्र दोघींचा उजेड पडतो. चेहऱ्याची दुसरी बाजू फारच काळी राहिली तर तिकडे चौकटीबाहेर पांढरा टॉवेल धरा. तेवढ्यानं गालाची कड हलकेच वर येते.

मोबाईल आणि कॅमेरा

फ्लॅश बंद. नाईट मोडही बंद, कारण तो अंधार उपसून खोली दिवसासारखी करून टाकतो. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. पडद्यावर उजळलेल्या गालावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस तिथंच पक्का होतो, मग उजेडाची पट्टी हळूहळू खाली ओढा. गालावरचे बारीक तपशील दिसू लागले की थांबा. ज्योत पांढरी राहिली तरी चालेल.

कॅमेरा असेल तर एफ १.८ ची (मोठ्या तोंडाची, जास्त उजेड आत घेणारी) लेन्स, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० आणि शटर १/३० सेकंद उघडं, इथून सुरुवात करा. समोरच्याला श्वास रोखून बसायला सांगा. पितळेची समई, तबक, निरांजन अशा निर्जीव वस्तू टिपायच्या तर ट्रायपॉडवर आयएसओ ४००, एफ ४ आणि एक सेकंद. एवढ्या वेळात ज्योत मऊ, गुळगुळीत दिसते. मला ती तशी आवडते.

रंगाचं एकच लक्षात ठेवा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा; मेणबत्तीचा साधारण १९०० केल्विनचा. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (रंग जुळवायची सेटिंग) तेवढाच ठेवला तर सगळी ऊब निघून जाते आणि फोटो फिका पडतो. ३००० च्या आसपास ठेवा, पिवळसरपणा टिकतो.

चौकटीत काय, बाहेर काय

ज्योत मधोमध ठेवू नका. चौकटीच्या एका तृतीयांशावर ठेवा आणि माणूस ज्या दिशेला बघतो तिकडे अंधार मोकळा सोडा. तो अंधार भरायला जाऊ नका. मागे कॅलेंडर, स्विचबोर्ड, स्टीलच्या डब्यांची रांग असेल तर आजीला दोन पावलं पुढे घ्या. मेणबत्तीचा उजेड मागं पोचत नाही आणि पसारा आपोआप बुडतो. पणत्यांची रांग असेल तर समोरून न काढता कोपऱ्यात बसून तिरकी काढा. पहिल्या पणतीवर फोकस धरा, मागच्या विरघळू द्या.

आणि जवळ जा. माझा आजवरचा सगळ्यात आवडता फोटो चेहऱ्याचा नाहीच. आजी वाती वळत होती. बोटांना दूध लावून कापसाचं टोक ती पिळत होती, तेवढंच घेतलं: अंगठ्याच्या नखाची चीर, तिच्यात अडकलेला कापसाचा तंतू, मनगटावर घसरलेली हिरवी बांगडी आणि तिच्यावर ज्योतीचा मोहरीएवढा ठिपका. तिला बघ म्हणायचं नाही, हस म्हणायचं नाही. तिचं काम चालू द्यायचं, आपण वीस-पंचवीस फोटो काढायचे. त्यांतले दोन हाताला लागतात.

करंट यायच्या आत आणखी एक फोटो होतो: विझलेल्या मेणबत्तीच्या धुराचा. देवापुढच्या दिव्याला फुंकर घालायची नसते, म्हणून हा साध्या मेणबत्तीवरच करा. ज्योत गेली की उजेडही जातो, तेव्हा फुंकर मारायच्या आधीच दुसऱ्या मोबाईलची बॅटरी मेणबत्तीच्या मागून, बाजूनं लावून ठेवा. मागची भिंत काळोखात हवी. फुंकर मारून लगेच तोंड बाजूला घ्या, एक सेकंद थांबा, धूर सरळ वर चढू लागला की बटण दाबा.